कालिंदीकाकूची मधली खोली

व्यंकटकाकांच्या घरी पहिल्यांदा जाणाऱ्याला मी आधीच सांगून ठेवते, की तिथं बसायला मिळेल अशी आशा धरू नका. खुर्च्या नाहीत असं नाही. उलट एवढ्या खुर्च्या गारखेड्यात दुसऱ्या कुणाच्या घरी नसतील. पण प्रत्येकीच्या एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत लाल दोरी बांधलेली आहे आणि पाठीला पुठ्ठ्याचा तुकडा लावलेला आहे. ही अमक्या जहागीरदाराची, ती तमक्या मुन्सफाची. या घरात माणसांनी उभं राहायचं आणि खुर्च्यांनी बसायचं, अशी पद्धत आहे.

काका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. आमचं घराणं निजामाच्या काळात दप्तरं सांभाळणारं, आणि सांभाळायची ती खोड काकांच्या रक्तात जशीच्या तशी उतरली. दर गुरुवारी ते छावणीच्या बाजारात भाजी आणायला जात. पिशवीतून निघायचा अडकित्ता, नाहीतर बिदरी हुक्क्याचं बूड, नाहीतर निजामाच्या वेळची हाली नाणी. भाजी राहूनच जायची. निवृत्त झाल्यावर त्यांनी फाटकावर पाटी लावली, ‘दख्खन स्मृती संग्रहालय’, आणि खाली बारीक अक्षरांत, ‘प्रवेश विनामूल्य, दर रविवारी’. पेपरात फोटो आला, शाळांच्या सहली येऊ लागल्या. आम्हा नातेवाइकांना काकांचा अभिमान होता, आजही आहे. फक्त तो आम्ही आपापल्या घरी गादीवर लोळत बाळगत होतो. संग्रहालयात राहत होती ती कालिंदीकाकू.

काकू मूळची अंबडची. लग्नात तिच्या मोठ्यानं हसण्याची आमच्या घरात चर्चा झाली होती म्हणे. मी बघतेय तेव्हापासून ती हळूच हसते, कारण काचेच्या कपाटांच्या घरात मोठ्यानं काहीच करायचं नसतं. पुढच्या खोलीत समया आणि बिदरीची भांडी, जिन्यात जुने फोटो, वर नाणी आणि फर्मानं. काका पुढच्या खोलीत समयांच्या कपाटाखाली निजत, काकू स्वयंपाकघरात ओट्याखाली अंथरूण घाली. घरातून चालताना ती एक खांदा पुढं काढून तिरकी चाले. गंमत म्हणजे रस्त्यावरही ती तशीच चालते. औरंगपुऱ्यात तिला मी दुरून ओळखते ती त्या चालण्यावरून, आणि दर वेळी मला हसू येतं आणि मग रागही येतो.

काकांनी हे रो-हाऊस घेतलं तेव्हा भोवती ज्वारीची रानं होती. हळूहळू रानं गेली आणि चार-चार मजली इमारती आल्या. त्यांनी आपापले बोअर खोल नेले, तसा काकांचा बोअर आटला. त्यात ते लातूरला रेल्वेनं पाणी नेलं तेव्हाचं वर्ष. आमच्या शहराला तेव्हा सगळे औरंगाबादच म्हणत, आणि त्या उन्हाळ्यात औरंगाबादेत कुणीही कुणाला भेटलं की पहिला प्रश्न एकच असे, तुमच्याकडं पाणी कधी येतं. काकूच्या नळाला आठवड्यातून एकदा येई. दिवस ठरलेला, वेळ नाही. सकाळी येईल, दुपारी येईल, कधी दिवेलागणीला. त्या दिवशी घरच्या बाईनं उंबरा ओलांडायचा नाही. मोटर लावायची, नळी धरायची, हौद, टाकी, ड्रम, बादल्या, पातेली, जे मिळेल ते भरायचं. एकदा चुकलं की पुढचा आठवडा शेजाऱ्यांच्या दारात. म्हणजे पाण्याच्या दिवशी नळासाठी घरी आणि रविवारी पाहुण्यांसाठी घरी. मधल्या दिवसांत तिनं कुठं जावं म्हटलं तर काका म्हणत, कुणी बघायला आलं तर?

अशात सावनीला दिवस गेले. सावनी ही काका-काकूंची एकुलती एक लेक, पुण्याला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हे काही कुणी ठरवावं लागत नाही. काकूनं मात्र ते मनात किती वर्षं धरून ठेवलं होतं ते मला माहीत होतं. तिची स्वतःची आई लवकर गेली, त्यामुळं तिचं बाळंतपण सासरी झालं. माझी आजी करायची सगळं, पण शिस्तीत. ‘काय खावंसं वाटतं गं तुला’ असं विचारणारं त्या सव्वा महिन्यात कुणी नव्हतं, हे काकू मला एकदाच बोलली होती, भाजी निवडता निवडता, मान वर न करता. आता तिनं मऊ साड्यांची दुपटी शिवली, डिंक, अळीव, बाळंतशोपा आणून ठेवल्या. धुरीची शेगडी माळ्यावरून काढली. ती शेगडी काकांच्या नजरेला पडू नये म्हणून गॅसमागं लपवली, नाहीतर तिलाही पुठ्ठा लागला असता.

प्रश्न खोलीचा होता. बाळंतिणीला जिना नको, म्हणून वरच्या खोल्या बाद. उरली मधली खोली. ती मुळात सावनीचीच, मोरीला लागून. सावनीच्या लग्नातल्या अक्षता झाडून व्हायच्या आत काकांनी तिथं शस्त्रदालन मांडलं होतं. तलवारी, कट्यारी, भाले आणि मधोमध लाकडी घोड्यावर एक छोटी तोफ. काकूनं संक्रांतीला सांगितलं, खोली रिकामी करून द्या. काका म्हणाले, देतो की. होळीला म्हणाले, पाडवा होऊ दे. पाडव्याला म्हणाले, पोरीचं डोहाळजेवण आहे त्याच्या आधी नक्की. काका खोटं बोलत नाहीत. त्यांना त्या त्या वेळी खरंच तसं वाटत असतं, आणि म्हणूनच त्यांच्याशी भांडता येत नाही.

डोहाळजेवण सातव्यात करायचं, सासरची माणसं घेऊन येणार, जेवून परत जाणार आणि सावनी इथंच राहणार, असं ठरलं. आदल्या गुरुवारी पाण्याचा दिवस आला. काका छावणीच्या बाजारात गेलेले. एवढ्या माणसांना पाणी कशात भरायचं याची काकू चिंता करत होती, आणि पुढच्या खोलीत रांगेनं उभे होते तांब्याचे हंडे, दोन घंगाळं आणि एक भला थोरला बंब. सगळे रिकामे. घरात पाणी नाही आणि पाण्याची भांडी शोभेला. हा प्रकार मी वर्षानुवर्षं बघत होते, पण त्या दिवशी तो कडूबाईला दिसला. कडूबाई सोयगावकडची. दुष्काळात मेंढरं विकून नवऱ्यामागं शहरात आलेली, काकूकडं धुणंभांडी करायची. तिनं एका हंड्यावर बोट फिरवलं आणि म्हणाली, “काकू, ह्या भांड्याला कवा हात लागला व्हता? इहीनबाई आल्या तर काय म्हणतील, घरात बाई हाय का नाय?”

ते काकूला लागलं. व्याह्यांच्या डोळ्यांना काळीहिरवी भांडी दिसणं म्हणजे आमच्याकडं बाईची अब्रू जाणं. संग्रहालय असो की काही असो, विहीणबाईला ते घरच दिसणार. दोघींनी अंगणात भांडी ओढली. चिंच, मीठ, राख, नारळाची शेंडी आणि हौदाच्या तळाशी उरलेलं पाणी. कडूबाई मला नंतर सांगायची, त्या दुपारी काकू खळखळून हसत होती, दोघींच्या साड्या गुडघ्यापर्यंत भिजल्या होत्या आणि गाणीही झाली. संध्याकाळी भांडी अशी लखलखत होती की शेजारची मुलं तोंडं बघायला आली. मग नळ आला आणि काकूनं ती काठोकाठ भरली.

काका परत आले. फाटकातच थांबले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते पायरीवर बसले, हातातली पिशवी खाली ठेवली आणि एका हंड्याच्या कडेवरून हात फिरवत राहिले. मग त्यांनी काकूला समजावून सांगितलं, अगदी शाळेच्या सहलीला सांगत तसं. त्या भांड्यांवर चढलेला तो काळाहिरवा थर म्हणजेच त्यांचं वय. त्यावरूनच जाणकार सांगतो, भांडं केव्हाचं. अनुदानासाठी मुंबईचे एक तज्ज्ञ साहेब उन्हाळ्यात पाहणीला येणार होते आणि काकांची सगळी भिस्त या ताम्रदालनावर होती. आता ही भांडी काल बाजारातून आणल्यासारखी दिसत होती. “दोनशे वर्षं होती गं त्यावर,” एवढंच म्हणाले. त्या रात्री जेवले नाहीत.

मला कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, दोनशे वर्षं गेली तर गेली, पाणी तर भरलं. पण काकू तशी नाही. नवऱ्याचा जीव कशात आहे हे तिला माहीत होतं आणि तिनंच चिंच लावून तो घासून टाकला होता. ती माझ्यापाशी रडली. खोली रिकामी करण्याचं नाव तिनं त्यानंतर काढलं नाही.

काकांनीच आपण होऊन काढलं. डोहाळजेवणाच्या सकाळी मी फुलं घेऊन गेले तर काका दारातच म्हणाले, चल, मधली खोली बघ, केली मोकळी. मी आत गेले. जमीन लख्ख झाडलेली. तोफ कोपऱ्यात सरकवलेली. मधोमध पलंग, त्यावर नवी चादर. आणि भिंतीवर, पलंगाच्या बरोबर वर, सगळ्या तलवारी. काकांनी खाली मांडलेलं सगळं खिळे ठोकून वर चढवलं होतं आणि ते मनापासून खूश होते. उशाशी मात्र एक जुना शिसवी पाळणा होता, कोरीव पोपटांचा, कुणा देशमुखांकडून आणलेला. काकू दारात उभी होती. ती तलवारींकडं बघत नव्हती, पाळण्याकडं बघत होती आणि तिचा चेहरा उजळला होता.

दुपारी गाडी आली. सावनी, तिचा नवरा मिहिर, आणि सासूबाई. सासूबाई म्हणजे हसतमुख, हळू बोलणारी, टापटिपीची बाई. तिच्यात मला शोधूनही खोट सापडली नाही, आणि मी बरीच शोधली. मिहिरनं सावनीची निळी बॅग आणून मधल्या खोलीत ठेवली. काकूनं त्या बॅगेवरून उगाचच हात फिरवला.

ओटी भरायच्या आधी थोडं संग्रहालय बघू या, असं काका म्हणाले. काकांचं थोडं म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक होतं, पाहुण्यांना नव्हतं. एक एक समई, एक एक अडकित्ता. समईची वात किती पदरी असे, अडकित्त्यात पोपट का कोरीत, हुक्क्याचं पाणी दिवसातून किती वेळा बदलत. सासूबाई कौतुकानं माना डोलवत होत्या. सावनीचे पाय सुजलेले. तिनं एकदा खुर्चीकडं पाहिलं, दोरीकडं पाहिलं आणि भिंतीला टेकली. काकू स्वयंपाकघरातून पाटावर उशी ठेवून घेऊन आली आणि लेकीला जिन्याच्या पायरीवर बसवलं. फुलांचे दागिने घातलेली लेक जिन्यात, वर निजामाच्या अमलदारांचे फोटो. सासूबाईंनी ते बघितलं.

मग सगळी मधल्या खोलीत आली. सासूबाईंची नजर आधी तलवारींवर गेली, तिथं जरा थांबली आणि पाळण्यावर आली. त्या खरंच हरखल्या. किती सुंदर, म्हणाल्या, नातवंडाला यातच निजवू या. आणि त्यांनी पाळण्याला हलका झोका दिला.

“नाही नाही, हात नका लावू,” काका म्हणाले. “लाकूड जीर्ण झालंय. हा नुसता बघायचा.”

ते तोंडातून निघून गेलं. सहलीतल्या मुलांना दिवसातून पन्नास वेळा म्हणायचं वाक्य ते. पण झोका अजून थांबला नव्हता, पाळणा एकदा करकरला. मी काकूकडं पाहिलं नाही. मला धीर झाला नाही.

जेवणं झाली, ओटी झाली, पेढा-बर्फीच्या वाट्यांतली सावनीनं उचलली ती बर्फी निघाली, म्हणजे मुलगी, म्हणून सगळे हसले. आंचवायला सासूबाई मागं गेल्या. काकूनं हंड्यात तांब्या बुडवून त्यांच्या हातावर पाणी घातलं, जपून, धार बारीक धरून, आठवडा अजून सरायचा होता म्हणून. हात पुसता पुसता सासूबाई काकूला म्हणाल्या, “कालिंदीताई, रागावू नका. बाळाचे कपडे रोज धुवायचे, तिला न्हाऊमाखू घालायचं. इथं पाण्याचे हाल आहेत आणि तुम्हाला स्वतःला पाठ टेकायला जागा नाही. आपण हे पुण्यालाच करू. तुम्ही या ना तिकडं, हवं तितकं राहा.”

त्यात चूक काय होतं? काहीच नव्हतं. म्हणूनच तर ती होय म्हणाली. संध्याकाळी मिहिर मधल्या खोलीत गेला आणि निळी बॅग उचलून पुन्हा गाडीत ठेवली. सावनी आईच्या गळ्यात पडून म्हणाली, तू मात्र नववा लागताच ये, मला तू हवी आहेस. गाडी वळेपर्यंत काकू फाटकात उभी होती. काका पाहुण्यांना दाखवायची राहून गेलेली एक कट्यार हातात घेऊन उभे होते.

मग माझं एकच चाललं, काकू, निघ. तिकीट मी काढून दिलं, मे अखेरचं. डिंकाचे लाडू डब्यात भरले, दुपटी पिशवीत. आणि त्याच आठवड्यात तज्ज्ञ साहेबांचा निरोप आला, येतो. काकांनी तिला अडवलं नाही, याबद्दल त्यांची तारीफ करावी की काय मला कळत नाही. ते एवढंच म्हणाले, “तू असतीस तर बरं झालं असतं. मला एकट्यानं सुचायचं नाही. जायचं तर जा.” एवढं म्हणून ते उठले आणि चकचकीत हंड्यांवर जुनं फडकं टाकून आले, कुणी मेल्यावर टाकतात तसं. काकूनं तिकीट पुढं ढकललं. साहेब आले नाहीत, त्यांचं पुढच्या आठवड्यावर गेलं. काकूनं पुन्हा ढकललं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा.

मी संतापले. पाणी मी भरते, म्हटलं, चहा मी करते, साहेबांना मी बघते, तू आत्ताच्या आत्ता एसटीत बस. ती म्हणाली, “नीरजा, त्यांचं मन माझ्याच हातानं मोडलंय. ही पाहणी नीट होऊ दे. माझ्यामुळं गेलं असं आयुष्यभर ऐकायला नको. तारखेला अजून वेळ आहे.” आणि वर, पाण्याची मोटर तुला लावता येत नाही, असंही म्हणाली. त्या क्षणी मला वाटलं की दार सताड उघडं असतं तरी ही बाई बाहेर पडली नसती. इतकी वर्षं तिरकं चालल्यावर माणसाला सरळ जायचं कसं ते आठवत नसावं. हे मी रागानं म्हणतेय आणि मला तिची दयाही येत होती.

साहेब आले ते नेमके पाण्याच्या दिवशी. मी मदतीला गेले होते. काका इस्त्रीचा कुर्ता घालून पुढच्या खोलीत, काकू मागं नळीपाशी, मोटर घरघरतेय. काकांनी फडकं काढलं आणि मान खाली घालून भांड्यांसमोर उभे राहिले, परीक्षेत नापास होणाऱ्या पोरासारखे. साहेबांनी हंड्यांकडं एकवार पाहिलं. “छान चकचकीत ठेवलंय,” म्हणाले. नंतर त्यांनी गाड्या लावायला जागा किती आहे ते विचारलं, अग्निशामक नळकांडं आहे का ते विचारलं आणि त्यांच्या माणसानं मोबाइलवर फोटो काढले. थराचं नाव कुणी काढलं नाही. काका स्वतःहून समजावू लागले तर साहेबांनी घड्याळ पाहिलं.

तेवढ्यात खिडकीतला काकूचा फोन वाजला. तिचे दोन्ही हात नळीत, म्हणून मी घेतला. मिहिर होता. पहाटे अचानक कळा सुरू झाल्या, म्हणाला, दवाखान्याच्या धावपळीत कळवायचं राहिलं. मुलगी झाली. दोघी सुखरूप. मी फोन काकूच्या कानाला धरला. तिनं नळी सोडली नाही. सावनी कशी आहे विचारलं, वजन विचारलं, दूध प्यायली का विचारलं. मग म्हणाली, “बाळाला पहिल्यांदा कुणी घेतलं?”

मिहिरनं सांगितलं, माझ्या आईनं.

“बरं झालं,” काकू म्हणाली. ड्रम भरला होता. तिनं नळी दुसऱ्या ड्रममध्ये टाकली. पुढच्या खोलीतून काकांची हाक आली, अगं, चहा होतोय ना? आणि तिनं चहा केला. मी तिच्या हातातून ट्रे घेऊ लागले तर तिनं दिला नाही. स्वतः बाहेर नेला, कप साहेबांपुढं धरला आणि काकांना म्हणाली, सावनीला मुलगी झाली. काकांचा चेहरा फुलला, वा वा म्हणाले, साहेबांना म्हणाले, आता पेढे खाऊनच जायचं. साहेब थांबले नाहीत. ते गेल्यावर काका तिला म्हणाले, आता उद्याच निघ तू. काकू म्हणाली, “आता कशाला?” काकांना ते समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा ते लाल दोरी सोडून मुन्सफाच्या खुर्चीत बसले. त्या खुर्चीत कुणाला बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

बारशाला काकू जाऊन आली. एक रात्र राहिली, कारण पुढं पाण्याचा दिवस होता. सासूबाईंनी बाळ तिच्या मांडीवर दिलं, फोटो काढला. तिथली बाळंतीण, पाळणा, धुरी, सगळं दुसऱ्या बाईच्या हातानं लागलेलं होतं आणि काकू पाहुणी होती. डिंकाचे लाडू सावनीनं खाल्ले, पण सासूबाईंनी केलेले आधीच डबाभर होते. सावनी आईला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं काकू मला म्हणाली.

काकू पुण्याला असताना काकांनी मधली खोली रिकामी केली. या वेळी खरोखर. एकेक तलवार खिळ्यावरून काढून वर नेली, तोफ कशी चढवली ते त्यांनाच ठाऊक, कंबर धरून बसले होते. पाळणाही वर. मला फोन करून बोलावून घेतलं, रिकामी खोली दाखवली. पलंग तेवढा होता, भिंतीवर नुसती भोकं उरली होती. “सावनीला कळव,” ते म्हणाले, “सव्वा महिना झाला की घेऊन या म्हणावं.” मी कळवलं. सावनीनं विचारलं, पाणी किती दिवसांनी येतं? मग म्हणाली, पाऊस झाला की बघू. पाऊस झाला, तेव्हा बाळाला सर्दी होती. काकांनी तेव्हापासून खोलीचं नाव काढलं नाही आणि तिथं काही ठेवलंही नाही.

काकूनं मात्र ओट्याखालचं अंथरूण उचललं आणि मधल्या खोलीत नेलं.

पुढच्या रविवारी माझी नणंद, तिचा नवरा आणि मुलं जालन्याहून आली होती. त्यांना काकांचं संग्रहालय बघायचं होतं, मी घेऊन गेले. काकांनी नेहमीसारखं सगळं दाखवलं, समया, हुक्के, हंडे. नणंदेच्या मुलीनं बंद दाराकडं बोट करून विचारलं, आजोबा, इथं काय आहे? काकांनी सवयीनं दार ढकललं.

काकू पलंगावर पाय लांब करून, भिंतीला पाठ टेकून बसली होती. आजूबाजूला काही नाही. आम्हाला बघून ती उठली नाही, पदर सावरला नाही, हसलीही नाही.

“इथं बघण्यासारखं काही नाही,” ती म्हणाली. “दार ओढून घ्या.”

काकांनी दार ओढून घेतलं. मग त्यांनी सवयीनं चहाची हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. स्वतःच स्वयंपाकघरात गेले. मी मागून जाणार होते, पण गेले नाही. साखर कुठल्या डब्यात असते ते त्यांना माहीत नव्हतं. एकेक झाकण उघडल्याचा आणि लावल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. तो मधल्या खोलीत नक्की ऐकू जात होता. काकूनं सांगितलं नाही.